आमदारांचं काम कागदावर कसं वाचायचं?

नाशिकमध्ये कुठल्याही नव्या काँक्रीट रस्त्याच्या तोंडाशी उभं राहा आणि तिथला फलक नीट वाचा. काही फलकांवर ‘आमदार स्थानिक विकास निधीतून’ असं असतं, काहींवर ‘आमदारांच्या विशेष प्रयत्नांतून’. जाता-येता दोन्ही सारखेच वाटतात, पण पैसा वेगळ्या ठिकाणचा असतो. पहिल्या प्रकारात आमदारांच्या नावे वर्षाला असणारे ५ कोटी रुपये वापरलेले असतात. हे पैसे त्यांच्या हातात कधीच येत नाहीत. ते काम सुचवतात, जिल्हा नियोजन कार्यालय ते नियमात बसतं का हे तपासतं, प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश. दुसऱ्या प्रकारात पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातला असतो. गावातला रस्ता किंवा सभामंडप असेल तर बहुधा ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) २५१५, मोठा रस्ता किंवा पूल असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचं ५०५४. इथं आमदारांनी पत्र दिलेलं असतं, मंत्रालयात खेपा घातलेल्या असतात आणि यादीत काम बसवून घेतलेलं असतं.

यादीत काम बसलं म्हणजे रस्ता झाला असं मात्र नाही. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत कामाचं नाव येतं, समोर अंदाजित किंमत कोटींत असते आणि त्या वर्षाची तरतूद नाममात्र असते. तिला ‘टोकन तरतूद’ म्हणतात. बातमी मात्र पूर्ण किमतीची येते, ‘इतके कोटी मंजूर’. नंतर दोन-दोन वर्षं खडी पडत नाही तेव्हा लोक ठेकेदाराला शोधत बसतात. म्हणून बातमी वाचल्यावर दोनच गोष्टी विचारायच्या: यंदाची तरतूद किती आणि कार्यादेश कोणत्या तारखेचा?

एवढं सांगूनही खरा मुद्दा पुढेच आहे. रस्ता, गटार, हायमास्ट ही कामं नगरसेवक, जिल्हा परिषद आणि महापालिकाही करतात. कायदा करणं, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणं आणि मंत्र्याला उभं करून उत्तर मागणं ही तीन कामं मात्र आमदारांशिवाय राज्यात कुणालाच करता येत नाहीत. नाशिककरांनी त्याचं मोल पाण्यातून अनुभवलेलं आहे.

२००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यातल्या कलम १२(६)(सी) चा आशय असा, की टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांना सारखी बसावी, यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व धरणांमधल्या वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण ठेवायचं. कायदा झाला तेव्हा या ओळींची गावोगावी चर्चा नव्हती. पुढे २०१३ मध्ये या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी अभ्यासगटाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला आणि १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशेब ठरला. २०२३ मध्ये नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, त्यात गंगापूर आणि दारणा धरण समूहही होते. तेव्हा इथं आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या.

मराठवाड्याची तहान खरी आहे आणि समन्यायी वाटपाचं तत्त्व चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. पण कलमातला एखादा शब्द, एखादी टक्केवारी, पिण्याच्या पाण्याचं आरक्षण आधी धरायचं की नंतर, हे सगळं बदलून घेण्याची पहिली जागा होती: २००५ सालचं सभागृह, विधेयकाच्या खंडशः विचाराची, म्हणजे एकेक कलम घेऊन होणाऱ्या चर्चेची वेळ. त्या वेळी कुणी दुरुस्ती मांडली, कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, हे कार्यवाहीत छापलेलं आहे. आंदोलनात पुढे कोण होतं यापेक्षा ती पानं जास्त सांगतात.

आधी आपले आमदार कोण ते ठरवा

हे वाटतं तितकं सोपं नाही. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, त्यांतले १५ नाशिक जिल्ह्यातले. नांदगाव, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण, कळवण, चांदवड, येवला, सिन्नर, निफाड, दिंडोरी, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी. बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव, देवळाली अनुसूचित जातींसाठी. मतदारसंघाची हद्द तालुक्याच्या हद्दीवरून चालत नाही. लासलगाव तालुक्याने निफाडचं, पण विधानसभेला येवल्यात. म्हणूनच लोक ‘येवला-लासलगाव मतदारसंघ’ म्हणतात. त्र्यंबकेश्वर इगतपुरीत येतं.

शिवाय विधान परिषद. तिचे ७८ सदस्य: ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. नाशिक विभागाचा पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार अशा पाच जिल्ह्यांचा आहे. म्हणजे नाव नोंदवलेल्या एखाद्या पदवीधर शिक्षकाला विधानसभेचे एक आणि परिषदेचे दोन असे तीन आमदार असतात. शाळेच्या अनुदानाचा प्रश्न घेऊन विधानसभेच्या आमदारांच्याच दारात ताटकळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जुनी कारकीर्द शोधताना आणखी एक अडचण येते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९ च्या निवडणुकीपासून, मतदारसंघांची नावं बदलली. सुरगाणा कळवणात गेलं, दाभाडीच्या जागी मालेगाव बाह्य आलं, नाशिक शहराचे पूर्व, मध्य, पश्चिम असे भाग झाले. कळवणच्या यादीत फक्त ‘कळवण’ शोधलं तर जीवा पांडू गावित एकदाच दिसतील. ते सात वेळा आमदार झाले आणि त्यांतल्या आधीच्या सगळ्या खेपा सुरगाण्याच्या नावावर आहेत. २०१४ मध्ये नव्या सभागृहाचे हंगामी अध्यक्ष म्हणून शपथविधीचं काम त्यांनीच पाहिलं. छगन भुजबळांची कारकीर्द पाहायची तर सुरुवात येवल्यात सापडत नाही. १९८५ आणि १९९० मध्ये ते मुंबईच्या माझगावातून निवडून आले, नव्वदच्या दशकात विधान परिषदेत विरोधी पक्षनेते होते आणि येवल्यातून पहिल्यांदा २००४ मध्ये. दोन सभागृहांच्या दोन वेगळ्या दप्तरांत एकाच माणसाचं काम विभागलेलं असतं.

तारांकित प्रश्न हातात घेऊन पाहू

सभागृहाच्या कामकाजातला सर्वांत हाताशी असलेला कागद म्हणजे प्रश्नोत्तरांची यादी. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ती अधिवेशननिहाय मिळते. प्रश्नाची घडण ठरलेली असते:

‘(१) नाशिक जिल्ह्यातील अमुक पुलाचे काम अमुक महिन्यापासून बंद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई करण्यात आली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तरही ठरीव साच्यात येतं. ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ इथं बरेच वाचक थांबतात आणि समजतात की सरकारनं टाळलं. पण आधी प्रश्नाकडे परत जा. पहिल्या भागात महिना, किंमत किंवा गावाचं नाव चुकलं असेल तर ‘हे खरे नाही’ हे उत्तर अक्षरशः बरोबर ठरतं आणि पुढचे तिन्ही भाग एका फटक्यात संपतात. जाणता सदस्य पहिला भाग असा बांधतो की नाकारता येणार नाही: कार्यादेशाची तारीख, शासन निर्णयाचा क्रमांक, कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) अहवालातला परिच्छेद. ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं की समजावं, प्रश्नानं पकड घेतली आहे. आमदारांची तयारी किती आहे हे ओळखायचं असेल तर उत्तरांपेक्षा त्यांच्या प्रश्नांचा पहिला भाग वाचावा.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर फक्त लेखी. प्रश्नोत्तराचा तास तासाभराचाच, त्यामुळे यादीतले वरचे काही प्रश्नच पुकारले जातात. बाकीच्या तारांकितांची उत्तरंही छापील स्वरूपातच राहतात. म्हणून ‘अमुक तारांकित प्रश्न विचारले’ या दाव्यातले किती प्रत्यक्ष चर्चेला आले हे वेगळं मोजावं लागतं. आणखी एक: एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या असतील तर त्या एकत्र करून प्रश्नाच्या डोक्यावर ‘सर्वश्री’ म्हणून दहा-पंधरा नावं छापतात, कंसात मतदारसंघांसह. तो प्रश्न त्या प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून जमा होतो. नाशिकच्या कांद्यावरच्या प्रश्नात विदर्भातल्या सदस्यांचं नाव दिसलं तर नवल नको. फक्त संख्या पाहून ‘सर्वांत क्रियाशील आमदार’ ठरवणं यामुळे फसतं.

संख्येचा सर्वांत मोठा घोळ मंत्र्यांबाबत होतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. विधानसभेचे अध्यक्षही प्रश्न विचारत नाहीत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं होऊ शकत नाही, म्हणजे महाराष्ट्रात ४३ जण. त्यांच्या नावापुढे शून्य प्रश्न दिसले तर त्यांना निष्क्रिय म्हणता येत नाही. त्यांचं मोजमाप त्यांनी मांडलेली विधेयकं, दिलेली उत्तरं आणि पाळलेली आश्वासनं यांवर करायचं.

लक्षवेधी सूचना हा दुसरा मोठा मार्ग. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. मंत्र्यांचं लेखी निवेदन आधी वाटलं जातं आणि सदस्य थेट त्यातल्या उणिवेवर बोट ठेवून विचारतात. स्थानिक प्रश्नाला सरकारकडून ठोस शब्द काढून घ्यायचा असेल तर प्रश्नापेक्षा लक्षवेधी बरी, कारण वेळ जास्त मिळतो. नियम २९३ खालच्या चर्चा मोठ्या विषयांवरच्या. अर्ध्या तासाची चर्चा बहुतेकदा एखाद्या अपुऱ्या उत्तराचा पाठलाग म्हणून मागितली जाते. औचित्याचा मुद्दा एका मिनिटाचा असतो. त्यावर मंत्री तिथल्या तिथे उत्तर द्यायला बांधील नाहीत, आणि समाजमाध्यमांवर सर्वांत जास्त फिरणाऱ्या चित्रफिती याच मिनिटाच्या असतात.

आश्वासन: सर्वांत दुर्लक्षित कागद

मंत्री सभागृहात म्हणाले, ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू’, ‘या अधिवेशनात बैठक घेऊ’, तर ते बोलून हवेत जात नाही. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, त्याच्या पूर्ततेसाठी ९० दिवसांची मुदत धरली जाते आणि थकलं तर आश्वासन समिती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावू शकते. पत्रकार परिषदेतला शब्द आणि सभागृहातला शब्द यांत हा फरक आहे.

नाशिकच्या आदिवासी शेतकऱ्यांना तो नेमका कळलेला होता. मार्च २०१८ मध्ये ते नाशिकहून पायी निघून सहा दिवसांत मुंबईला पोहोचले आणि लेखी मान्यता घेऊन परतले. वनहक्काच्या जमिनींचे दावे तरीही रेंगाळले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा दिंडोरीहून मोर्चा निघाला, तेव्हा बोलणी झाल्यावरही लोक लगेच घरी गेले नाहीत. ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदला मैदानात थांबून राहिले. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं, त्यानंतरच मोर्चा मागे घेतला गेला. पायाला फोड आलेल्या माणसांनी विधिमंडळाच्या कार्यपद्धतीचा असा अचूक वापर करावा, हे फार मोलाचं आहे.

आमदारांची कामगिरी पाहताना म्हणूनच एक साखळी शोधावी: प्रश्न किंवा लक्षवेधी, त्यावर मिळालेलं आश्वासन आणि नंतर निघालेला शासन निर्णय. तिन्ही तारखांसह सापडल्या तर ते काम झालं. पहिली कडी दहादा आणि तिसरी एकदाही नसेल, तर पाठपुरावा झालेला नाही.

मत कसं दिलं, हे का सापडत नाही

बरेच जण विचारतात, अमुक विधेयकावर आमच्या आमदारांनी मत कुठल्या बाजूनं दिलं? याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. विधेयकं आवाजी मतदानानं संमत होतात. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, की विधेयक संमत. नावनिशी नोंद फक्त कुणी मतविभागणी मागितली तरच होते. त्यात पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश असतो. १९८५ पासून, म्हणजे दहाव्या अनुसूचीनंतर, व्हीप मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतावरून सदस्याचं स्वतःचं मत कळत नाही.

कळतं ते दुरुस्तीवरून आणि भाषणातून. विधेयक आधी मांडलं जातं, त्याला पुरःस्थापना म्हणतात. मग सर्वसाधारण चर्चा, मग खंडशः विचार, मग संमती. तिथून ते दुसऱ्या सभागृहात जातं. परिषद साधं विधेयक आधी तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना रोखू शकते, धनविधेयक फक्त १४ दिवस. खंडशः विचाराच्या वेळी सदस्य लेखी दुरुस्ती देऊ शकतात. ती फेटाळली गेली तरी नावासह नोंद राहते. वादाचं विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर समितीच्या अहवालाला जोडलेली असहमतीची टिप्पणी जरूर वाचा. सदस्याचा अभ्यास तिथं दिसतो.

बरेच कायदे अध्यादेशानं सुरू होतात. २०२७ च्या सिंहस्थासाठीचं नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण असंच २०२५ मध्ये आधी अध्यादेशानं आलं, मग विधेयक झालं. अध्यादेश निघतो तेव्हा सभागृह भरलेलं नसतं. विधेयक येतं तेव्हा प्राधिकरणाचे अधिकार, जमीन, महापालिकेची भूमिका यांवर बोलायची संधी असते, आणि ती एकदाच असते.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं, क्वचितच संमत होतं. तरी ते वाया जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती पद्धत, म्हणजे कोकणातली मध्यस्थ जमीनदारी, बंद करण्याचं विधेयक मांडलं. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्याच सभागृहात त्यांच्याच पक्षाचे सदस्य होते. ते विधेयक तेव्हा संमत झालं नाही. खोती संपवणारा कायदा १९४९ मध्ये झाला. विधेयक मांडणाऱ्या सदस्याच्या खात्यात अशी बारा वर्षंही धरावी लागतात.

जे आमदारांच्या हातात नाही

नाशिक जिल्ह्यात हा भाग सोडून चालणार नाही, कारण इथं निवडणूक कांद्यावर होते. बाजार समित्या राज्याच्या १९६३ च्या कायद्याखाली चालतात. लासलगावच्या लिलावातली कपात, हमाली-तोलाई, व्यापाऱ्यांनी थकवलेले पैसे, या सगळ्यांवर आमदार सरकारला धारेवर धरू शकतात. निर्यात मात्र केंद्राचा विषय. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. यातलं एकही पाऊल विधान भवनात ठरलेलं नाही. आमदार ठराव करून केंद्राला शिफारस पाठवू शकतात, एवढंच. निर्यातबंदी उठवल्याचं श्रेय घेणारे आणि ती लादल्याचा दोष आमदारांवर टाकणारे, दोघंही चुकतात.

कागद मिळवायचे कसे

अधिवेशनं वर्षात तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येकाची प्रश्नोत्तरं आणि कार्यवाही वेगळी ठेवलेली असते, तेव्हा आधी वर्ष आणि अधिवेशन पक्कं करा, मग मतदारसंघाचं नाव शोधा. शोधताना आमदारांच्या नावाच्या दोन-तीन लेखनपद्धती वापरून पाहा, कारण आद्याक्षरं कुठे असतात, कुठे नसतात. कार्यवाहीची सुरुवातीची प्रत असुधारित असते. तिच्यातला एखादा शब्द धरून भांडण करू नका. मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण यांसाठी उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र पाहा. एकाच व्यक्तीची दोन निवडणुकांतली प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवली की बदल आपोआप दिसतो.

स्थानिक निधीची यादी मागायची असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा नियोजन कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांपर्यंतचा आणि एकाच विषयाचा असावा लागतो, आणि बरेच अर्ज इथंच अडतात. ‘आमदारांनी काय काम केलं त्याची माहिती द्या’ असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. असं लिहा: ‘अमुक विधानसभा मतदारसंघातील आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाअंतर्गत अमुक आर्थिक वर्षात सुचवलेल्या कामांची यादी, प्रत्येक कामाची प्रशासकीय मान्यतेची तारीख व रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, कार्यादेशाची तारीख आणि आजवरचा खर्च.’ एका अर्जात एकच वर्ष. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्यावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि मूळ अर्जाची पोच जोडायला विसरू नका.